सर्दीवाल्यांना आत प्रवेश नाही

२ नोव्हेंबर
चिमीला दम्याचा अ‍ॅटॅक. वर्षातला तिसरा. वय सात, आणि श्वास ओढताना गळ्याखाली खड्डा पडतो. बघवत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, लहान मुलांचे बहुतेक अ‍ॅटॅक साध्या सर्दीच्या व्हायरसने सुरू होतात. आपली नुसती शिंक, पण तिला महागात पडते. पंप रोज न चुकता, हात धुवा, सर्दी असलेल्याने तिच्या जवळ जाऊ नये. थोडक्यात, हे मॅनेजमेंटचं काम आहे. घरात मॅनेजमेंट येणारा मी एकटाच.

३ नोव्हेंबर
दाराशी रजिस्टर टांगलं. ऑफिसात जावक विभागात अकरा वर्षं तेच करतोय. रकाने: नाव, वेळ, सर्दी आहे/नाही, सही. पेन दोरीने बांधलं. वरचा नियम चिमीने मोठ्या अक्षरात लिहिला: सर्दीवाल्यांना आत प्रवेश नाही, कोणीही असो. ‘कोणीही’खाली मी रेघ मारायला लावली. हिने विचारलं, घरातल्यांनाही का? म्हटलं, अर्थात.

५ नोव्हेंबर
सासूबाई आल्या. उंबऱ्यातच शिंकल्या. म्हणाल्या, जिन्यातल्या फिनाईलच्या वासाने. असं सगळेच म्हणतात. चिमीसाठी विणलेला स्वेटर आत घेतला, त्यांना परत पाठवलं. चिमी खिडकीतून हात हलवत राहिली. हिने माझ्याशी अबोला धरला. चांगलं काम करणाऱ्याची घरात कदर नसते.

९ नोव्हेंबर
शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट चार दिवस खोकतोय. रजा घे म्हटलं. म्हणाला, साहेब, आजारी रजा म्हणजे कामचुकारपणा, हे तुम्हीच सांगता. सांगतो खरा. माझी अकरा वर्षांत आजारी रजा शून्य! त्याबद्दल तेरा तारखेला सत्कार आहे, डायरेक्टरांच्या हस्ते.

१० नोव्हेंबर, संध्याकाळी
घसा खवखवतोय. जुन्या फायलींची धूळ.

११ नोव्हेंबर
नाक वाहतंय. एसी. रजिस्टरात तशी नोंद करायला गेलो, तर पेनातली शाई संपलेली. उद्या रिफिल आणणे. हिने अबोला मोडला तो एवढ्याचसाठी: सर्दी आहे तुम्हाला, दोन दिवस बाहेरच्या खोलीत झोपा, पोरीजवळ जाऊ नका. म्हटलं, मला सर्दी होत नाही, रेकॉर्ड बघ. तिने कपाळावर हात मारला.

१२ नोव्हेंबर
चिमी म्हणाली, बाबा, तुमचं नाक लाल झालंय. अ‍ॅलर्जी, म्हटलं. तिला लगेच पटलं. पोरगी माझ्यावर गेलीय. मांडीवर बसवून सत्काराचं भाषण वाचून दाखवलं. मधे मधे शिंका आल्या, तिने मोजल्या. नऊ. शेवटी टाळ्या वाजवल्या. रिफिल राहिलीच.

१३ नोव्हेंबर
सत्कार दणक्यात. भाषणात आवाज बसला, लोकांना वाटलं गहिवरलो. टायपिस्ट टाळ्या वाजवत नव्हता, खोकत होता. स्मृतिचिन्ह टीव्हीवर ठेवलं.

१४ नोव्हेंबर
चिमीला सर्दी. कुठून आली? शाळा. नाहीतर स्वेटर! लोकरीत काय काय असतं. स्वेटर माळ्यावर फेकला. चिमी रडली. ही नुसती बघत राहिली. तिच्या बघण्याला मी भीत नाही.

१६ नोव्हेंबर, दुपारी
ऑफिसात हिचा फोन आला. नुसतं हॉस्पिटल म्हणाली आणि ठेवला.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. चिमीला ऑक्सिजन लावलाय. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत, वाचेल, पण जरा उशीर झाला असता तर... मग विचारलं, घरात कोणाला सर्दी होती का? ही म्हणाली, ह्यांना विचारा.

वॉर्डाच्या दाराशी रजिस्टर आहे. नाव, वेळ, सर्दी-खोकला आहे/नाही, सही. सासूबाईंनी ‘नाही’वर खूण केली आणि आत गेल्या. स्वेटर कुठाय म्हणून विचारत होत्या. माझं नाक बघून नर्सने हात आडवा केला. मी काचेतून पाहत होतो. चिमीने मास्क बाजूला करून नर्सला काहीतरी सांगितलं. दोन दोन शब्द, मधे दम घेत. नर्स बाहेर आली. म्हणाली, मुलगी म्हणतेय बाबांना आत येऊ द्या, त्यांना सर्दी नाहीये, अ‍ॅलर्जी आहे.

लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

नर्सने पेन पुढे केलं. त्यात शाई होती. मी ‘आहे’वर खूण केली, सही केली आणि बाकावर येऊन बसलो.