तिसरा कप मी का प्यालो

खापर, बुधवार

दोनशे अंडी उबवायचं खोकं (थर्मामीटरसकट), आपल्या प्रार्थनाघराच्या दारावरची लोखंडी कमान, माझ्या बहिणीच्या विहिरीवरचा पायाने चालणारा पंप, तुमच्या अंगणातला झोपाळा आणि शेंगा व तूर भाजायचं फिरतं मशीन, एवढ्या वस्तू ज्याने कोणत्याही आयटीआयचं तोंड न पाहता स्वतःच्या हातांनी बनवल्या, त्या इमॅन्युएलचा, म्हणजे तुमच्या बहिणीच्या, पारूच्या नवऱ्याचा, आदरणीय पौलसदादांना मनापासून सलाम. (झोपाळ्याच्या कड्या विकतच्या आहेत. खोटं लिहिणार नाही.)

तुमच्या गुडघ्याची सूज उतरली असेल, वहिनींचा खोकला थांबला असेल आणि खुडूक बसलेली काळी कोंबडी एव्हाना पिलं घेऊन हिंडत असेल, अशी आशा करतो. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर लावून बोलायची रीत आहे. वहिनी चुलीपाशी ऐकतात, आणि त्यांनी ऐकलेलं पारूपर्यंत पोचायला तव्यावरची भाकरी उलटायचाही वेळ लागत नाही. म्हणून हे पत्र. पारूला वाटतंय मी अजून पुण्यात आहे. मी खापरला आहे, बहिणीकडे, रमिलाबाईकडे, तिचा पंप दुरुस्त करायला. पंप बिघडलेला नव्हता. मी तो उघडला आहे आणि तूर्तास जोडायची घाई करत नाही.

मला पुण्याला का पाठवलं हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण ते तुमच्याच ओट्यावर ठरलं. आमची लिडिया पुण्याला कॉफीच्या दुकानात नोकरी करते, ते पारूच्या डोळ्यांत सलतं. नवापूरच्या पोल्ट्रीतल्या योहानचं स्थळ चांगलं आहे, त्याच्या घरचे आता थांबायला तयार नाहीत, तेव्हा बापाने जावं आणि पोरीला घेऊनच यावं. मी मान हलवून निघालो. लिडियाने स्टँडवर माझी पिशवी घेतली आणि म्हणाली, "बाबा, आधी मी काय काम करते ते बघा. मग तुम्ही म्हणाल तर सामान भरते." मला हे रास्त वाटलं. कोणतंही मशीन न उघडता मी त्याच्याबद्दल मत देत नाही, मग पोरीच्या नोकरीबद्दल का द्यावं.

तिचा बेत असा होता की शहर काय पितं ते मला क्रमाने दाखवायचं. पहिला नंबर अमृततुल्यचा. मोठं पितळी पातेलं, आलं-वेलदोडा ठेचायचा खलबत्ता, आणि चहा गाळणाऱ्याचा हात असा की एक थेंब बाहेर नाही. (स्टोव्हची ज्योत मात्र पिवळी होती. नोझल साफ करायला हवं, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मागे गर्दी आहे काका.") मी बशी मागितली. बशी नव्हती. काचेच्या ग्लासातून सरळ पिण्याची मला सवय नाही, त्यामुळे पहिल्याच घोटाला जीभ भाजली. यापुढची सगळी हकीकत मी भाजलेल्या जिभेने अनुभवली आहे, हे वाचताना लक्षात असू द्यावं.

दुसरा नंबर इराण्याच्या हॉटेलाचा. संगमरवरी टेबलं, आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या अशा की सांधा कुठे आहे ते दिसेना. मी एक खुर्ची उलटी करून पाहिली. वेटर धावत आला, तोवर माझं बघून झालं होतं. मग आम्ही बसलो, तर समोर कॉलेजची दोन पोरं आणि पेपर घेतलेले एक आजोबा येऊन बसले, न विचारता. दादा, आपल्याकडे कुणी आपल्या खाटेवर येऊन टेकलं तर तो पाहुणा. त्याला तसाच उठू देतात का? मी तिघांना बनमस्का आणि चहा सांगितला. पोरांनी मुकाट खाल्लं. आजोबांनी मात्र पेपर खाली केला.

"आपली ओळख?"

"आता होतेय ना," मी म्हटलं. "घ्या, गार होईल."

पोरं उठली तर त्यांच्या जागी दोन बाया आल्या. त्यांनाही सांगितलं. लिडिया माझं मनगट धरून म्हणाली, "बाबा, इथे जागा नसली की लोक कुणाच्याही टेबलाशी बसतात." हे तिने आधी सांगायला हवं होतं. आम्ही दोघं धरून सात माणसं झाली होती.

तिसरं दुकान तिचं. तिथे इराण्याच्या उलट. एकेका टेबलाशी एकेक माणूस, समोर लॅपटॉप, कुणी कुणाकडे बघत नाही. (मीही कुणाला काही सांगितलं नाही. शहाणा झालो होतो.) पण एक गोष्ट मला मनापासून पटली. तिथे सगळं वजनावर चालतं. कॉफी तर झालीच, पण पाणीसुद्धा काट्यावर तोलून ओततात. फळ्यावर लिहिलं होतं, या कॉफीत जांभूळ, त्या कॉफीत गूळ आणि संत्र्याची साल. मी विचारलं, जांभूळ कधी घालता? मुलगी म्हणाली, घालत नाही, चवीत येतं. मी कप तळापर्यंत संपवला. मला आलं नाही, पण जीभ भाजलेली होती, म्हणून मी त्यांना खोटं ठरवत नाही. आणि चव बघायची त्यांची रीत कशी, तर चमच्यातून मोठ्याने फुर्रर्र करून ओढायची. लग्न झाल्यापासून पारू मला याच आवाजावरून बोलते आहे. तिथे त्याचा पगार मिळतो.

लिडियाचं काम मागच्या खोलीत, कॉफीचे दाणे भाजायचं. मशीन परदेशी, पण आत काय, तर फिरणारा ड्रम आणि खाली आच. आपल्या मशीनला वॉशिंग मशीनचा ड्रम आणि टेम्पोच्या वायपरची मोटर आहे, एवढाच फरक. ती मान कलती करून दाणे तडकायची वाट बघत उभी होती. पहिला तडका ऐकू आला तशी तिने आच कमी केली, घड्याळाकडे न बघता. दादा, ही मान मी ओळखतो. लहानपणी मी तूर भाजत असलो की ती शेजारी पाटावर बसून अशीच ऐकायची आणि "बाबा, आता" म्हणायची. तिला परत चल म्हणायला आलो होतो, ते तिथे तोंडातून निघेना.

एवढ्यात दुकानाचा मालक आला. अमृत नावाचा, तिशीतला, दाढी कोरलेली. मी मनात इंग्रजी वाक्य जुळवत होतो, तर तो म्हणाला, "काका, तुम्ही बठा, मी लई येसू." म्हसावदचा निघाला. केळीवाल्या रतिलालभाईंचा मुलगा, गुजर. मी बसलो. त्याने स्वतःच्या हाताने कॉफी गाळली, स्वतः आणली, आणि समोर उभा राहिला. बसेना. कप रिकामा झाला तसा दुसरा आणला.

आता सोयरीक मागणारा आपल्या गावात कसा येतो ते तुम्हाला सांगायला नको, पण कागदावर असलेलं बरं. तो मुलीच्या बापाला स्वतःच्या हाताने पाजतो आणि उभा राहतो. पूर्वी मोहाची दारू, आपण प्रार्थनेला जायला लागल्यापासून कोरा चहा. पहिला कप बाप पाहुणा म्हणून पितो. दुसरा प्याला म्हणजे राग नाही. तिसरा प्याला म्हणजे मुलगी दिली, आता देजाचं, म्हणजे मुलीच्या बापाला द्यायच्या पैशांचं बोला. तुमच्या बाबांनी मला तिसऱ्या कपासाठी दिवे लागेपर्यंत उभं केलं होतं. पाय अजून आठवतात.

तर दुसरा कप पोटात आणि अमृत तिसरा घेऊन उभा. मी लिडियाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, मान कलती करून भिंतीकडे बघत होती, दाणा तडकायची वाट बघावी तशी. योहान आठवला. पारू आठवली. आणि मी तिसरा कप प्यालो, फुर्रर्र करून, तळापर्यंत.

अमृतने घसा साफ केला आणि एक आकडा सांगितला. (आकडा शेवटी लिहितो. आत्ता लिहिला तर तुम्ही पुढचं वाचणार नाही.)

मी म्हटलं, "आम्ही देज घेणारे नाही. पोरीला पसंत असेल तर माझी ना नाही."

त्याचे कान लाल झाले. "काका," तो म्हणाला, "मी तुमना भाजाना मशीननं बोली ऱ्हायंतू. लिडियानी फोटो दावला ना, ते." मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "पन आते तुम्हीच म्हनी दिधं, तं ते बी शे."

दोघांचं आधीपासून होतं, दादा. फक्त कुणी कप आणला नव्हता. आता मी प्यालो आहे, तो परत काढता येत नाही. म्हणून एकटा आलो, आणि म्हणून पंप उघडा आहे. घरी सगळ्यांना सलाम, कोंबडीचं कळवा.

तुमचा
इमॅन्युएल

ता. क. एक विनंती. पारू जगात फक्त तुमचं ऐकते, आणि मामाच्या होकाराशिवाय लिडिया मंडपात उभी राहणार नाही. रविवारी प्रार्थना सुटल्यावर पारूला बाजूला घेऊन सांगा. मुलगा गुजर आहे, आपल्यातला नाही, हे आधी सांगा, म्हणजे बाकीचं तिला हलकं वाटेल. योहानच्या घरी मी स्वतः जाईन. सोमवारी पंप जोडतो.

दुसरा ता. क. लिडियाने मला बसमध्ये बसवलं आणि गाडी हलल्यावर खिडकीतून सांगितलं की मशीनचं बोलायच्या आधी बाबांना तीन कप पाज, स्वतः आण, बसू नको, हे अमृतला तिनेच सांगितलं होतं. का, ते त्याला सांगितलं नव्हतं. इतकं बिनआवाजाचं यंत्र मला आजवर जमलेलं नाही.

शेवटचा ता. क. मशीन मी विकलं नाही, हे पारूला नक्की सांगा. ते लिडियाबरोबर जाईल. पोरगी आणि मशीन एकाच घरी जाणार, आणि बापाने त्यातल्या एकाचे पैसे घेतले, तर कशाचे घेतले हे गावात कोण विचारत बसणार आहे. अमृत रोख देत होता, मी नाही म्हटलं. नव्वद हजार.