फाइलमध्ये राहिलेले पत्ते

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी तुमच्या मलकापुरातच होते, तरी तुमच्या घरी आले नाही. आज लिहिते आहे, कारण परवा सांगलीला मी शिकवते त्या वर्गातल्या एका मुलीनं तोच प्रोग्राम माझ्यासमोर उघडला.

डिप्लोमाचं दुसरं वर्ष. सी भाषेत लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या नोंदींची साखळी करायची, फाइलमध्ये लिहायची आणि परत वाचून दाखवायची. बाकीच्यांनी विद्यार्थ्यांच्या याद्या केल्या. माझे वडील माण तालुक्यातले मेंढपाळ, मी आमच्या मेंढरांची केली: रंग, वय, किती वेळा व्याली. प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता, म्हणजे ती मेमरीत कुठे आहे तो आकडा. एकीमागं एक चालणारी मेंढरं मी जन्मापासून पाहिलेली, मला ते पहिल्याच दिवशी कळलं. पत्त्यासकट सगळी नोंद उचलून मी फाइलमध्ये टाकली, लगेच वाचली, यादी जशीच्या तशी आली. तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभे होता. मी विचारलं, बरोबर आहे ना सर? तुम्ही स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "चालतंय ना? मग झालं."

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी प्रोग्राम बंद करायला लावला आणि पुन्हा सुरू करून फाइल वाचायला सांगितली. पहिलं मेंढरू आलं आणि प्रोग्राम बंद पडला. मी पुन्हा करते, पुन्हा तेच. बाहेरचे सर तुमच्याकडे पाहतात. तुम्ही हसून म्हणता, "पाठ करून येतात हो. समजून घेत नाहीत." मी स्क्रीनकडेच पाहत उभी आहे, कारण ते माझ्याबद्दल चाललंय हे कळायलाच मला वेळ लागतो. नापास झाले. वर्ष गेलं.

घरी वहीवर चौकोन काढता काढता महिनाभरात मला उमगलं. पत्ता प्रोग्राम चालू आहे तोवरच खरा, नंतर ती जागा कुणाचीही. फाइलमध्ये फक्त माहिती ठेवायची, वाचताना प्रत्येक नोंदीसाठी नवी जागा घ्यायची आणि साखळी नव्यानं जोडायची. दहिवडीहून एसटीनं वही घेऊन तुमच्याकडे आले. वाटलं होतं, तुमच्याही नजरेतून ते सुटलं असेल. तुम्ही वही मिटून परत दिलीत. म्हणालात, "मला तेव्हाच दिसलं होतं. स्वतः आपटलीस, आता जन्मभर विसरणार नाहीस."

नाही विसरले. तेवढं तुमचं खरं ठरलं. पण त्याच जूनमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचं अकरावीत नाव घालायचं होतं. नापास झाल्यानं माझी शिष्यवृत्ती थांबली होती, त्या वर्षाची फी घरून भरायची होती. वडील म्हणाले, "एका येळंला एकच शिकंल. थोरलीचं अर्ध्यात सोडाय नको." बहीण शेळ्या घेऊन रानात गेली. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. गणितात ती माझ्या कितीतरी पुढं होती, सर. मला घडवताना तुम्ही तिचा हिशेब धरला नव्हता. धरणार तरी कसा, ती आहे हेच तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही कधी विचारलंच नाहीत.

परवा त्या मुलीनंही विचारलं, बरोबर हाय न्हवं मॅडम? मी म्हटलं, बंद कर, परत चालू करून बघ. तिनं पाहिलं, तिचा चेहरा उतरला, मग मी शेजारी बसून तिला सांगितलं. पाच मिनिटं लागली. तिच्या परीक्षेला अजून दोन आठवडे आहेत.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. एक गोष्ट मात्र सांगते. तुम्ही काय केलंत ते मी घरी कधीच सांगितलं नाही. कॉलेजात असलं चालतं हे कळलं तर वडील मलाही घरी बसवतील, ही भीती होती. परीक्षेत लाइट गेली, असं सांगितलं. दिवाळीला माणला गेले की बहीण अजून म्हणते, "तवा लाइट गेली नसती तर आपन दोघी शिकलो असतो, न्हवं का आक्का?"

मी व्हय म्हणते.