नऊ नंबरची पिशवी

सोमवार, ३ तारीख

पोचले एकदाची! ही वही लेकीने दिली आणि वर बजावलं, की आई, रोज लिही, नाहीतर एकटी भिंतींशी भांडत बसशील. बरं बाई, लिहिते.

शेवटच्या थांब्यावर बसमधून उतरले तर समोरच दुकान, दुकानामागे डोंगर आणि डोंगराच्या डोक्यावर ढग. माझी खोली दुकानाच्या माळ्यावर आहे. खिडकी मोठी, गादी कडक, नळाचं पाणी असं गार की दात वाजतात. पण पसंत आहे. बावीस वर्षं औषधांच्या कारखान्यात खोकी भरली, तिथे खिडकीच नव्हती.

दुकानाच्या मालकांना सगळे दादा म्हणतात. साठीचे असतील, बोलणं मोजून मापून. डोंगरावर जाणाऱ्यांना ते एकेक लाल पिशवी भाड्याने देतात. वाट चुकली, पाय मुरगळला, धुकं आलं, तर जीव तगावा म्हणून. त्या पिशव्या भरायचं काम आता माझं. लेक खूश आहे, कारण तिला डोंगराचं वेड. सतरा तारखेला मैत्रिणीला घेऊन इथूनच वर जाणार म्हणते.

मंगळवार, ४ तारीख

काम सोपं आहे. पिशवीत बारा वस्तू: मेण लावलेली काडेपेटी, मेणबत्ती, बॅटरी, दोरी, चाकू, आरसा, पट्ट्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, बिस्किटं, साखरेच्या वड्या, अंगाभोवती गुंडाळायची चंदेरी चादर आणि गळ्यात अडकवायची शिट्टी. सोबत यादीची चिठ्ठी. भरणाऱ्याने खाली सही करायची. पिशवी परत आली की वापरणाऱ्याने काय वापरलं त्यापुढे खूण केलेली असते आणि शेवटच्या ओळीत उत्तर लिहिलेलं असतं. ती ओळ अशी: ‘कमी काय पडलं?’ लोक काहीबाही लिहितात. एकाने ‘बायकोचा फोन’ लिहिलं होतं. मी हसले, दादा हसले नाहीत.

दादांची पद्धत म्हणजे आधी मोजायचं, मग तोलायचं. भरलेली पिशवी काट्यावर बरोबर एक किलो आठशे चाळीस ग्रॅम भरली पाहिजे. मी म्हटलं, आमच्या कारखान्यात मोजत कुणी बसायचं नाही. तोल बरोबर तर माल बरोबर. त्यावर त्यांनी काट्यावरची पिशवी उचलून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, इथे मोजायचं.

सोमवार, १० तारीख

नव्याचे नऊ दिवस अजून संपायचेत, पण एक गोष्ट खटकली ती लिहून ठेवते.

नऊ नंबरची पिशवी भाड्याने जात नाही. दर सोमवारी दुपारी ती नव्या सामानाने भरायची आणि मागच्या दाराबाहेरच्या कट्ट्यावर ठेवून दार लावून घ्यायचं. मंगळवारी सकाळी ती तिथेच असते, वापरलेली. गेल्या सोमवारी माझ्याआधीच दादांनी भरली होती, ती मंगळवारी माझ्याकडे उघडायला आली. काड्या जळलेल्या, मेणबत्तीचं बूड उरलेलं, बिस्किटं संपलेली, चादर मात्र घडी घालून. आणि शिट्टीचं तोंड चावून चावून चपटं झालेलं. दर आठवड्याला नवी शिट्टी लागते म्हणे. शेवटच्या ओळीत पेन्सिलीने एकच शब्द होता: ‘सोबत’.

मी आपली अंदाज बांधते आहे, की वर कुणी मेंढपाळबिंढपाळ असेल आणि दादा त्याला गुपचूप पोसत असतील. म्हटलंसुद्धा त्यांना, की बिचारा सोबत मागतोय, जा की एकदा चहा प्यायला. दादांचा चेहरा पांढराफटक पडला. मग हळू आवाजात बोलले ते शब्द जसेच्या तसे लिहिते:

“बाई, बाकी कुठल्या पिशवीत काही कमी पडलं तर मी बघून घेईन. नऊमध्ये कमी पडू द्यायचं नाही.”

जीव वाचवायच्या दुकानात हा उलटा न्याय! पण पगार ते देतात, आपण भरावी.

सोमवार, १७ तारीख

लेक आली! सोबत तिची मैत्रीण, हातभर उंच बूट घातलेली, सारखी हसणारी. दोघींनी माझ्या खोलीचा बाजार करून टाकला.

आज घाईच घाई होती. दादा दाढ काढायला खालच्या गावी गेलेले. पलीकडचा घाटरस्ता खचला म्हणून सामानाचा टेम्पो आला नाही आणि सकाळी आलेल्या मोठ्या गटाने सगळ्या पिशव्या नेल्या. उरल्या दोन: चौदा आणि नऊ. चौदात सगळं होतं, शिट्टी नव्हती. खोकं पालथं केलं, एकही नाही. शेवटची नऊमध्ये बांधलेली.

आता मला सांगा, पोटच्या पोरीला बिनशिट्टीची डोंगरावर पाठवू आणि मेंढपाळाला चावायला नवीकोरी शिट्टी देऊ? नऊमधली काढली, लेकीच्या गळ्यात घातली, चौदा तिच्या पाठीला दिली. तोल बारा ग्रॅमने कमी भरला, तर अंगणातला एक गोल खडा पिशवीत टाकला. काटा बरोबर एक किलो आठशे चाळीसवर. सही केली आणि कट्ट्यावर ठेवून आले.

लेकीशी खूण ठरवली. रोज संध्याकाळी कड्यावरून दोन आखूड शिट्ट्या, म्हणजे सगळं ठीक. ही खूण आमच्या दोघींतच, तिच्या लहानपणी ती बाजारात हरवू नये म्हणून मीच तिला शिकवलेली. जाताना गालाला गाल लावून गेली. संध्याकाळी आल्या, दोन शिट्ट्या. जीव भांड्यात पडला.

मंगळवार, १८ तारीख

नऊ नंबरची पिशवी परत आली. काहीच वापरलेलं नाही. काडेपेटीचं मेणसुद्धा फोडलेलं नाही. माझा खडा सगळ्यात वर ठेवलेला.

‘कमी काय पडलं?’ यापुढे लिहिलंय: ‘शिट्टी. चौदाकडे आहे.’

त्याला चौदा कसं कळलं? दादांना दाखवायला हवं होतं. नाही दाखवलं. चिठ्ठी पोलक्यात खोचली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. या वेळी ‘सोबत’ लिहिलेलं नाही, हे आता लिहिताना लक्षात आलं.

संध्याकाळी दोन शिट्ट्या ऐकू आल्या. ठीक आहे ती.

बुधवार, १९ तारीख

सकाळपासून धुकं. समोरचा थांबासुद्धा दिसत नाही. लोकांना डोंगरावर नेणारा गावातला वाटाड्या दुकानात आला आणि म्हणाला, की पोरी वर आहेत, जाऊन बघून येऊ का. मी म्हटलं, थांब, संध्याकाळी शिट्टी आली नाही तर जा.

आली. दोन आखूड. पण कड्यावरून नाही, डावीकडच्या दरीतून, आणि कालच्यापेक्षा जवळून. धुक्यात आवाज फसवतो, असं वाटाड्याच म्हणतो. त्याला सांगितलं, जायची गरज नाही, पोर ठीक आहे.

गुरुवार, २० तारीख

मैत्रीण एकटीच आली. पाय सुजलेला, ओठ फुटलेले. काठी टेकत, बसत उठत उतरली. दुकानाच्या दारातच कोसळली.

तिने सांगितलं ते असं. सोमवारी झोपताना शिट्टी लेकीच्या गळ्यात होती. मंगळवारी सकाळी नव्हती. दोरा गळ्यातच, गाठही तशीच, फक्त शिट्टी गेलेली. बुधवारी धुक्यात मैत्रिणीचा पाय मुरगळला, दोघी वरच्या झोपडीत थांबल्या. तेवढ्यात बाहेर दोन आखूड शिट्ट्या झाल्या. लेक उठली. म्हणाली, आई आली, ही आमची खूण आहे. पिशवी पाठीला लावून धुक्यात गेली. परत आली नाही.

म्हणजे मंगळवारी ऐकली ती — काल ऐकली ती —

वाटाड्याला मीच थांबवलं. मी.

शुक्रवार, २१ तारीख

अकरा माणसं वर गेली. दादांपुढे खडा आणि चिठ्ठी ठेवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. खाली बसले आणि सगळं सांगितलं.

नऊ नंबर त्यांच्या धाकट्या भावाचा. अकरा वर्षांपूर्वी तो वर गेला. पिशवी दादांनी भरली, घाईत नुसती तोलली, मोजली नाही. पिशवीत दोरी दोनदा पडली म्हणून वजन भरलं, शिट्टी आणि काडेपेटी राहिलीच. धुकं आलं. हाकेच्या अंतरावरून शोधणारे गेले, पण त्याला शिट्टी मारता आली नाही. तो सापडला नाही. पुढच्या सोमवारी रिकामी पिशवी कट्ट्यावर होती, हे सगळं चिठ्ठीत लिहिलेलं. तेव्हापासून दादा भरतात. तो मागतो ते सगळं देतात. एकच गोष्ट कधी देता आली नाही.

मी विचारलं, तुम्ही का नाही गेलात त्याच्यापाशी? म्हणाले, दर सोमवारी मी दाराच्या आत उभा असतो, कडीला हात लावून. धीर होत नाही.

संध्याकाळी दोन शिट्ट्या. कुंपणापासून. कान झाकून घेतले.

शनिवार, २२ तारीख

शोधणारे परत आले. काही नाही.

मागच्या कट्ट्यावर चौदा नंबरची पिशवी. उघडली. मोजली. अकरा वस्तू, सगळ्या कोऱ्या. चादरीत तिचा एक लांब केस. माझीच सही असलेली चिठ्ठी. शेवटच्या ओळीत —

‘कमी काय पडलं?’

‘काही नाही.’

रविवार, २३ तारीख

जेवण नाही. झोप नाही. तिला थंडी सोसत नाही. चादर परत पाठवली, मग ती काय पांघरत असेल —

दोन शिट्ट्या. जिन्याखाली.

टेम्पो आला. शिट्ट्यांचं नवं खोकं आलं.

सोमवार, २४ तारीख, दुपार

नऊ नंबर भरली. मोजून. बारा वस्तू, तीनदा मोजल्या. तोलली नाही.

यादीच्या खाली तेरावी ओळ लिहिली. तेरा: सोबत. त्यापुढे माझं नाव. शेजारी लिहिलं, की चुकले मी, पोरीचं काही नाही यात. तिला सोड. खाली सही.

दादा म्हणाले, जाऊ नका बाई. पण दारातून बाजूला झाले.

कट्ट्यावर बसले आहे. पिशवी मांडीवर, वही पिशवीवर. दार आतून लागलं. दादा आत रडताहेत, ऐकू येतंय. धुकं कुंपणापर्यंत आलंय.

भीती वाटते. खूप वाटते. लिहीत राहिले की धीर राहतो.

पावलं. खडीवर. उजवा पाय जरा घासत — तिचीच. ही चाल मी हजारात ओळखीन —

आली. माझी पोर आली. कुंपणापाशी उभी आहे, अनवाणी, मातीने माखलेली, पण श्वास घेतेय, तोंडातून वाफ निघतेय. देवा. सोडलं त्याने.

हात रिकामे आहेत तिचे. गळ्यात नुसता दोरा. ती माझ्याकडे बघत नाही, माझ्या डोक्यावरून मागे बघतेय, मान हलवतेय, नाही नाही म्हणून —

दोन शिट्ट्या. आखूड.

तिच्याकडून नाही. माझ्या अगदी कानामा