आईच्या स्वेटरची पाच बटणं

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

कामावरून सुटल्यावर मी मागच्या गल्लीतल्या एका बाईंकडे पॉलिमर क्ले शिकायला जातो. रंगीत, मऊ माती असते. हवा तो आकार द्यायचा आणि ओव्हनमध्ये भाजायचा. हसू नका. बाकीच्या सगळ्या कानातली करतात, मी बटणं करतो. पहिला घाणा पार करपला.

तुम्ही लिहिता, आईचा हात सुधारतोय. मग मागच्या पत्राखाली तिची सही का नव्हती? तिच्या बोटांना बटण सापडतच नाही, असं ताईच्या तोंडून निसटलं. तिला रागावू नका.

म्हणून सोबतची पाच बटणं आईच्या स्वेटरला शिवून घ्या. काजं थोडी मोठी करावी लागतील. प्रत्येक बटणात अंगठा दाबून खळगा केलाय, म्हणजे तिचं बोट घसरणार नाही. बाई म्हणाल्या, "ठसे पुसून मग भाज." मी मान डोलावली आणि तशीच भाजली.

बटणं तिची तिला लावू द्या. कितीही वेळ लागो, मध्ये हात घालू नका. तुम्हाला राहवणार नाही, तेव्हा हात पाठीमागे बांधून बसा.

मग मला कळवा. "छान आहे" नको, किती लागली ते लिहा. एकच लागलं तर एक लिहा. पण खाली सही तिची हवी. वाकडीतिकडी चालेल.

तुमचा,
थोरला