मी सात कादंबऱ्या वाचल्या त्याची नोंद

१ जुलै, मंगळवार

मच्छीमार सोसायटीने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. सहा महिने कोरे गेले, त्याला इलाज नाही. समुद्रावर लिहिता येत नाही. आता बंदी आहे. जून-जुलै होड्या किनाऱ्यावर, मासेमारी बंद, होडी हाकणारे तांडेल घरात. होडी माझी आणि तांडेलही मीच, म्हणजे मी घरात.

सत्यवती काल दुपारच्या फेरीबोटीने खाडीपलीकडे दिघीला बहिणीकडे गेली. मृणालीचा गुडघा दुखतो. आठ दिवसांत येईल. भांडण झालेलं नाही. चर्चा झाली. ती लायब्ररीतून आणलेल्या प्रेमाच्या कादंबऱ्या वाचत बसते. मी एवढंच म्हणालो की सगळ्या सारख्याच, पोरगा, पोरगी, गैरसमज, लग्न. ती म्हणाली, "न वाचता कसं कलतं तुमाला?" मी म्हणालो, बावीस वर्षं होडी चालवतो, ढगाकडे बघून कळतं. मग तिने बॅग भरली. जाताना टेबलावर सात कादंबऱ्या ठेवल्या आणि म्हणाली, "वाचा मंग. मधलं पन वाचा."

चॅलेंज स्वीकारलं आहे. सात कादंबऱ्या, शिवाय जाळी दुरुस्त करणे, फ्रीजचं रबर बदलणे, रोज सकाळी चालणे. महिना भरपूर झाला.

२ जुलै, बुधवार

पहिली कादंबरी. पानं २८४. पुण्याची आयटीतली मुलगी, कॉफीशॉपवाला मुलगा. बाराव्या पानावर टक्कर, कॉफी लॅपटॉपवर. ती चिडते, तो हसतो. लॅपटॉप कोणीच पुसत नाही.

दुपारी ३. पान ३०. डोळा लागला.

संध्याकाळी ५.१५. सिस्टिम सापडली. सुरुवातीची तीस पानं आणि शेवटची पंधरा वाचायची. मधे फक्त गैरसमज असतो आणि तो शेवटी मिटतोच, मग दोनशे पानं त्याच्या नादी कशाला लागायचं? जेट्टी सोडली आणि परत जेट्टीला लागलो, मधे नुसतं पाणी.

साडेसहाला पहिली कादंबरी संपली. लग्न झालं. मी म्हटलंच होतं.

३ जुलै, गुरुवार

सत्यवतीचा फोन. कुठवर आलात म्हणाली. म्हटलं, संपली. तिने विचारलं, "सगली?" म्हटलं, सगळी. मग म्हणाली, "बरं."

इम्प्रेस झाली असावी. एका दिवसात २८४ पानं म्हणजे चेष्टा नव्हे.

चालायला गेलो नाही. जाळ्यांकडे जाऊन आलो, ते चालणंच झालं.

६ जुलै, रविवार

तीन झाल्या. काही निरीक्षणं लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडतील. हिरो सहा फुटांच्या खाली नसतो. कोणाच्याही अंगाला कसला वास येत नाही. जेवणात पास्ता. बोंबील एकदाही नाही. हिरो फार वेळा सॉरी म्हणतो, तिथे लेखिका कमी पडते. आणि लग्नाला चोवीस वर्षं झालेला माणूस एकाही कादंबरीत नाही. आमच्यासारख्यांचा प्रॉब्लेमच नसतो, म्हणून लिहीत नसतील.

जाळी शिवत बसलेल्या विठोबाला माझी सिस्टिम समजावून सांगितली. तोंडातली सुतळी काढून म्हातारा म्हणाला, "मधी पानी नसतं तांडेल, मधी म्हावरा असतो." विठोबाला साहित्यातलं काय कळतं.

तिसरी संपल्याचं फोनवर कळवलं. "बरं" म्हणाली.

८ जुलै, मंगळवार

आठ दिवस झाले. अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, साडेदहाच्या बोटीला आमच्या आगरदांडा जेट्टीवर हजर. बोटीतून सहा मोटरसायकली उतरल्या, एक टेम्पो, एक बकरी. सत्यवती नाही. गुडघा जास्त असणार.

तिकीट खिडकीवरच्या कुलदीपने विचारलं, कोणाला न्यायला आलात? म्हटलं, भरतीची वेळ बघायला आलो. तो म्हणाला, "पलीकडं जायाचं आसंल तर तिकीट काडा. पंधरा-वीस मिंटांचं तर काम हाय." त्याला सांगितलं की हिरोने धावत जायचं असतं ते शेवटच्या पंधरा पानांत. आधीच गेलं तर मजा जाते. त्याने मागच्या बाईला तिकीट दिलं.

आमच्या ओट्यावरून दिघी दिसते. मृणालीचं घर माडांच्या मागे आहे, ते दिसत नाही.

१३ जुलै, रविवार

पाचवी चालू. यातला हिरो मनातलं बोलता येत नाही म्हणून पत्र लिहितो. आयडिया चांगली आहे. मीही लिहायला बसलो. "प्रिय सत्यवती" इथवर लिहून झालं. पुढे काय लिहावं ते सुचेना, कारण सगळं तिला माहीतच आहे. शेवटी व्हॉट्सॲपवर गुलाबाचं गुड मॉर्निंग पाठवलं. तेव्हा दुपारचे अडीच झाले होते.

तिने अंगठा पाठवला. प्रगती आहे.

१७ जुलै, गुरुवार

आज तिने परीक्षाच घेतली. चौथ्या कादंबरीतली ती मुलगी रागावून मधे कुठे राहायला जाते, असं विचारलं. मधे! मी शांतपणे अंदाज ठोकला, बहिणीकडे. फोनवर बराच वेळ काही ऐकू येईना. रेंज गेली असं वाटलं. मग म्हणाली, "व्हय. भैनीकडंच." आणि तिला आणायला तो कधी गेला? म्हटलं, गेला ना वेळेवर. "बरं."

एक पान न वाचता दोन्ही उत्तरं बरोबर! माझ्या सिस्टिमचा याहून मोठा पुरावा नको.

२० जुलै, रविवार

भात करपला. कालवणात मीठ दोनदा पडलं. फ्रीजचं रबर आणलं, ते दुसऱ्या फ्रीजचं निघालं.

न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात असलेल्या लेकीचा, ऋतिकाचा फोन. आई अजून मावशीकडे का, म्हणाली. सविस्तर सांगितलं. तिने विचारलं, "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही स्वतःहून तिला काय विचारलंत?" आठवून सांगितलं: हळद कुठे ठेवली आहे. ऋतिका म्हणाली, बाबा, फेरीबोटीत बसा आणि जा. आजच्या पिढीला पेशन्स नाही.

२४ जुलै, गुरुवार

गटारी. मटण केलं. शेजारच्या कुत्र्याने आवडीने खाल्लं.

सातवी काल संपली. तिला कळवलं, तेव्हा तिने पुन्हा विचारलं, सातही? म्हटलं, सातही, पानन् पान. "बरं" म्हणाली. आवाज जरा बसलेला वाटला. तिकडे हवा दमट आहे.

महिन्याचा आढावा. कादंबऱ्या सात, एकूण पानं १,९०० च्या वर. सगळ्यात चांगली पाचवी, कारण तिचा टाईप मोठा आहे. सगळ्यात वाईट तिसरी, शेवटच्या पंधरा पानांतही हिरो रडतच असतो. निष्कर्ष: बायकांना काय हवं असतं हे मला आता समजलं आहे. त्यांना हवं असतं की कोणीतरी यावं. मात्र योग्य वेळी.

योग्य वेळ ठरवली. एक तारखेला बंदी उठते, पहाटे होडी पाण्यात. बावीस वर्षं होडीच्या तोंडाला पहिलं कुंकू सत्यवतीनेच लावलं आहे. त्याशिवाय मी कधी सुटलो नाही. म्हणजे ती ३१ पर्यंत येणारच. मी जेट्टीवर उभा असेन. दहा पावलं धावेन. त्याहून जास्त गुडघ्याला झेपणार नाही.

२८ जुलै, सोमवार

चार दिवस फोन नाही. सरप्राईज द्यायचं ठरवलेलं दिसतं.

होडीला रंग दिला. इंजिन एका हाकेला चालू. खलाशी हजर. त्यातल्या धर्माने विचारलं, वहिनी कधी येतात? म्हटलं, येईल बोटीने.

३० जुलै, बुधवार

पुस्तकं परत करायला लायब्ररीत गेलो. देताना तिथल्या हेमालीला सहज सांगितलं की सातही मी वाचली. ती कौतुकाने हसली.

हेमालीची एक पद्धत आहे. परत आलेलं पुस्तक पुठ्ठ्याला धरून उलटं करते आणि झटकते. आमच्या गावची पुस्तकं, आत खवले निघतात, तिकिटं निघतात, एकदा सुकलेली कोळंबी निघाली होती. तिने पहिलं झटकलं. एक चिठ्ठी पडली. दुसरं झटकलं. चिठ्ठी. तिसरं. मी म्हटलं, राहू दे आता, बाकीची स्वच्छ आहेत. तिने सातही झटकली.

सहा चिठ्ठ्यांवर एकच मजकूर, सत्यवतीचं अक्षर: "इथवर आलात ना? मग फोन करा. पुढच्या बोटीने येते."

सातवीवर: "सातही वाचलीत तर मी चुकले. न बोलावता येईन."

हेमालीने एक वाचली, मग सगळ्या नीट एकावर एक ठेवून माझ्या हातात दिल्या. पुस्तकांवर शिक्के मारत राहिली.

घरी येऊन हिशेब केला. सात वेळा मी तिला "संपली" म्हणालो. म्हणजे सात वेळा तिने वाट बघितली, की हा आता चिठ्ठीचं बोलेल. मला फार लाज वाटली. हे लिहून ठेवतो, कारण उद्या कदाचित मी वेगळंच लिहीन.

३१ जुलै, गुरुवार

साडेनऊची बोट. पंधरा-वीस मिनिटांचंच काम आहे. कुलदीपने तिकीट दिलं, भरतीचं विचारलं नाही, हे त्याचे उपकार.

दार मृणालीने उघडलं. कमरेवर भरलेला हंडा, चाल एकदम ठणठणीत. सत्यवती मागच्या पडवीत सुकट निवडत होती. मी खिशातून सात चिठ्ठ्या काढून सुपाशेजारी ठेवल्या आणि म्हटलं, मिळाल्या.

तिने चिठ्ठ्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "कितव्या पानावर व्हत्या?"

मी छपराकडे बघितलं. बावीस वर्षं ढगाकडे बघून सांगणारा माणूस, पण छपरावर काही नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. या शब्दाची मला आज पहिल्यांदा भीती वाटली. त्या भीतीत नको ते बोललो. म्हटलं, उद्या पहाटे होडी सुटते, कुंकवाला कोण?

ती म्हणाली, "कुंकू कोनीबी लावंल."

चहा दिला. साखर मला लागते तेवढीच होती. मग म्हणाली, "बोट सुटंल तुमची."

दुपारी लायब्ररीत गेलो. हेमालीकडून पहिली कादंबरी परत मागितली. तिने विचारलं, सत्यवतीकाकींच्या नावावर? म्हटलं, माझ्या. गावात जन्म गेला, पण लायब्ररीचं कार्ड आज काढलं.

संध्याकाळी धर्माला सांगितलं, उद्या आपली होडी जाणार नाही. तो म्हणाला, तांडेल, सगलं बंदर जानार हाय, आपुन का न्हाय? म्हटलं, अडीचशे पानं राहिली आहेत. तो विठोबाला बोलवायला गेला आहे.

प्लॅन: रोज साठ पानं, म्हणजे पाच दिवस. फार तर सहा. चिठ्ठी नेमकी कुठे होती त्याची पुस्तकात काही खूण नाही, त्यामुळे सगळंच वाचावं लागणार.

संध्याकाळी ७.१०. पान ३४. तिने नोकरी सोडली. का सोडली ते कळलं नाही. परत ३१ पासून.