घाटातली अर्धी गोळी

१२ जाने., सोम.
उद्या पुणे. यांच्या मेंदूत तारा बसवून वर्ष होईल, पण छातीतल्या यंत्रातून तारांना जाणारा करंट अजून जमत नाही. पाय अडतातच. डॉक्टर मॅडम नवी तपासणी करणार. कॅमेरा यांची नजर कशी फिरते ते टिपणार, त्यावरून करंट ठरणार. रात्रीपासून पार्किन्सनची गोळी बंद, सक्त ताकीद. गोळीच्या जोरावर नजर चांगली दिसते आणि करंट कमी ठरतो म्हणे.

१३, मंगळ.
महाडहून पहाटे निघालो. पोलादपूर सोडलं, आंबेनळी घाट लागला आणि यांचे पाय लाकूड झाले. लघवीला उतरायचं होतं, उतरता येईना. शेवटी गाडीतच… तीस वर्षं याच घाटात एसटी चालवलेला माणूस. मान खाली. बघवेना मला. बीपीची म्हणून अर्धी गोळी दिली. बीपीची नव्हती.
तपासणी झकास. पडद्यावर ठिपका उजवीकडे आला की डावीकडे बघायचं, तिकडे आला की इकडे. हे पटापट. मॅडम खूश. करंट वाढवायची गरज नाही म्हणाल्या. गोळीचं मी सांगितलं नाही.

१५, गुरु.
यांची ऐट बघावी. शेजाऱ्यांना सांगत होते, "मॅडम बोलली, नजर पोराची हाय. ड्रायव्हरची नजर ती!" मी चहाच्या निमित्तानं आत सटकले.

१८, रवि.
मोरीच्या उंबऱ्याशी यांचे पाय चिकटले, पडले. कपाळाला तीन टाके. आठवड्यात दुसऱ्यांदा. हे माझ्यामुळं, दुसरं कुणी नाही. मॅडमना सांगायलाच हवं. सांगितलं की यांची ती ऐट गेली. दोनदा फोन हातात घेतला, ठेवला.

१९, सोम.
केला फोन. मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. शुक्रवारी परत या म्हणाल्या, या वेळी खरोखर बिनगोळीचे.
यांना सांगितलं. मग म्हणाले,
"मला काय कळत नाय गो? बीपीची गोळी अर्धी कुठं असते?"
"मग घेतलीत कशाला?"
"नापास झालो असतो."
हसावं की रडावं. दोन्ही झालं.

२२, गुरु.
पहाटे गाडी येणार. तपासणी झाल्या झाल्या गोळी द्यायची आहे, म्हणजे गोळ्या बरोबर न्याव्याच लागणार. "माझ्या खिशात दे," म्हणाले. दिल्या नाहीत. पर्समध्ये ठेवल्यात. माझा भरवसा नाही, पण यांचा त्याहून नाही. आणि घाट तर तोच आहे.