निखिल ज्या कंपनीत लागला

९ जानेवारी
निखिलची बॅग परत उघडली. आईने मधोमध लसणाची चटणी कोंबली होती, त्याने काढली, तिने पुन्हा ठेवली. वजनाचं कारण सांगतो. तिकडे काय मिळणार आहे त्याला.
वाडीतल्या गोदामात दिवसभर ट्रकच्या मालाच्या पावत्या, बिल्ट्या टाइप करून कंटाळला होता, हे खरं. मालकाने दिवाळीलाही सुट्टी दिली नाही. आता बँकॉक. डेटा एंट्री, राहणं कंपनीचं, जेवण कंपनीचं. मोबाईलवर साइट दाखवली मला. काचेची उंच बिल्डिंग, हसणारी माणसं, वर कुलपाचं चिन्ह. "पाह्य, सेफ आहे."
मी विचारलं, मुलाखत कुठे झाली?
"चॅटवर. आता असंच होते."
"तिकीट कोण देऊन राहिलं?"
"कंपनी. ताई, तू पोलीस होऊन राहिली काय?"
आई म्हणाली, "कंपनी तिकीट देऊन राहिली म्हणजे चांगलीच असन ना."
मी बॅगेची चेन लावून दिली. तो खुश दिसत होता. बाबा गेल्यापासून एवढा खुश पाहिला नव्हता.

१२ जानेवारी
गेला. एअरपोर्टवर आईकडे डबा लावलेले दोन ट्रक ड्रायव्हरही आले होते पोचवायला. त्यातल्या रामदासकाकांनी हार आणला, निखिल लाजला. निघायच्या आधी घरी बुद्धवंदना घेतली. आई रडली नाही. घरी आल्यावर त्याचं ताट चुकून वाढलं, मग रडली.

१६ जानेवारी
पोचला. "मस्त आहे." एक फोटो, खिडकीतून डोंगर. बँकॉकमध्ये डोंगर?

२३ जाने.
फोन नाही, फक्त मेसेज. "मी ठीक आहे. काळजी करू नये. काम खूप आहे." पूर्णविराम वगैरे. निखिल असं लिहीत नाही. आईला काही बोलले नाही. तिला वाचून दाखवलं फक्त, ती म्हणाली, सुधारला.

२ फेब्रुवारी
अनोळखी नंबर. मी दवाखान्यात ड्युटीवर होते, नोंदणीच्या खिडकीवर. उचलणार नव्हते.
"ताई, हळू बोल. आईजवळ नाही ना?"
जेवढं आठवतं तेवढं लिहून ठेवते. विमानतळावरून गाडीत बसवलं. दिवसभर गाडी. मग नदी, होडी. पलीकडे बंदूकवाले. पासपोर्ट घेतला. "ताई, ही कंपनी नाही." मोठा हॉल, कॉम्प्युटरच कॉम्प्युटर. खोट्या साइट बनवतात. बँकेच्या, लाइट बिलाच्या, दवाखान्याच्या. त्यावर फोन आले की हिंदीवाले हिंदीत बोलतात, मराठीवाले मराठीत. त्याला मराठीवर बसवलंय.
"आणि नाही केलं तर?"
तो म्हणाला, "करतो ना मी. करून राहिलो."
मागे कोणी ओरडलं. कट.
खिडकीसमोर रांग होती. पुढच्या माणसाचं नाव मी तीनदा विचारलं.

३ फेब्रु.
डबा खाताना शबानाला सांगितलं. शेजारच्या खिडकीवर बसते, तिच्या खालाला, म्हणजे मावशीला, नोकरीच्याच साइटवर फसवलं होतं, म्हणून तिला माहीत आहे. तिने निखिलची साइट उघडली. म्हणाली, "नाम ध्यान से देख." त्या नावाची खरी कंपनी दुसऱ्या देशात आहे, फक्त एक अक्षर वेगळं. काचेच्या बिल्डिंगचा फोटो शोधला, तोच फोटो कुठल्या तरी टाइल्सवाल्याच्या साइटवर. साइट दिवाळीनंतर बनलेली. 'संपर्क'मध्ये पत्ता नाही, लँडलाइन नंबर नाही, फक्त एक मोबाईल नंबर. आणि कुलपाचं चिन्ह? शबाना म्हणे, त्याचा अर्थ एवढाच की मधल्या रस्त्यात कोणी ऐकत नाही. पलीकडे चोर बसला आहे का साव, ते कुलूप सांगत नाही.
एवढं सोपं. दहा मिनिटांत कळलं. आता कळून काय.
खऱ्या कंपनीचा नंबर वेगळा शोधून फोन केला. बाई नम्र होती. आमचं तिकडे ऑफिस नाही, म्हणाली. आणि असा फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.

५ फेब्रु.
सायबर पोलीस. मॅडम तरुण आहेत, नीट ऐकलं त्यांनी, चहा मागवला. लिहिता लिहिता विचारलं, "तुमचा भाऊ तिथं काय काम करतो?"
मी म्हटलं, करायला लावतात.
"काय?"
"लोकांना फसवायचं."
पेन थांबला. "हे लिहू ना? लिहिलं तर राहील ते. उद्या तो परत आला तर त्याला विचारतील."
खोटं कसं सांगू. लिहा म्हटलं. सही केली. घरी आईने विचारलं, उशीर काहून झाला. पेशंट जास्त होते म्हटलं.

११ फेब्रु.
हे लिहावं की नाही.
सकाळी एक म्हातारा-म्हातारी आले, वणीकडचे. बाईंच्या गळ्याला गाठ, पदराने झाकलेली. पहाटेच्या एस.टी.ने आलेले. म्हणाले, आमचा नंबर लागला आहे, पैसे भरले. कॉम्प्युटरमध्ये नाव नाही. परत पाहिलं. नाही.
त्यांनी मोबाईल पुढे केला. "हे पाहा ना मॅडम, तुमच्याच दवाखान्याचं नाव हाये."
आमचीच बिल्डिंग. आमच्याच डॉक्टरांचा फोटो. वरच्या पत्त्यात मात्र नावापुढे एक शेपूट जोडलेलं. ते कोण पाहणार? मी रोज इथे बसते, मीही पाहिलं नसतं.
ते म्हातारे म्हणाले, "फोनवर बोलला ना आमच्याशी. मराठीत. लय चांगला पोट्टा. काकू कशा हायेत म्हणे, गिळता येते का म्हणे."
मी विचारलं, आवाज कसा होता? काहून विचारलं मी.
"पोट्ट्यासारखाच. आपल्याच इकडचा वाटे."
मला त्यांच्याकडे पाहवेना. शबानाने धावपळ करून संध्याकाळी डॉक्टरांकडे बसवलं त्यांना. पोलिसांकडे तक्रार कशी करायची ते मी समजावून दिलं, चहा-पोहे दिले. जाताना बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुमच्यासारखे लोक हायेत म्हणून."
धंतोलीतल्या दवाखान्यापासून घरी वाडीपर्यंत ऑटोत रडले. ऑटोवाला आरशात पाहत होता.

१२ फेब्रु.
आईला सांगितलं. सगळं. फक्त वणीवाल्यांचं नाही.
ती पोळ्या करत होती, ड्रायव्हरांचे डबे भरायचे होते. तव्यावरची उलटली, काढली, दुसरी टाकली. मग विचारलं,
"मंग तो जेवते का तिथं?"

१८ फेब्रु.
आमच्या खिडकीवर मी कागद लावला. साहेबांची परवानगी घेतली. दवाखान्याच्या साइटचा पत्ता अक्षर-अक्षर तपासा. सर्चमध्ये पहिला आलेला नंबर खरा असेलच असं नाही. नंबर घ्यायचा तर जुन्या कागदावरून घ्या. घाई करणाऱ्यावर विश्वास नको. फोनवर आधी पैसे मागितले तर ठेवून द्या.
लोक त्या कागदाला टेकून उभे राहतात आणि विचारतात, मॅडम, ऑनलाइन नंबर कुठं लावायचा?

२४ फेब्रु.
निखिलचा फोन. आवाज बसलेला. सर्दी म्हणे.
मी ठरवलं होतं विचारायचं नाही. विचारलं. वणीकडचे म्हातारे, गळ्याला गाठ, आठवतात?
"ताई, नको ना."
"तू होता का?"
"नाव नको सांगू मले. कोणाचंच नको सांगू." मग भराभर बोलला. "मी कधी कधी मुद्दाम चुकीचं बोलतो. डॉक्टरचं नाव चुकवतो. रविवारची तारीख देतो. म्हटलं समजन त्यायले, ठेवून देतीन फोन. ते ओळखतच नाहीत ना ताई. हो साहेब, हो साहेब करतात."
त्याला काय म्हणायचं? मी म्हटलं, जेव वेळेवर.
होता की नव्हता, ते नाहीच सांगितलं.

३ मार्च
वकिलातीला तिसरं ई-मेल. पहिल्या दोन्हींना मशीनचं उत्तर होतं, आज माणसाचं आलं. प्रकरण संबंधितांकडे पाठवलं आहे. पोलीस मॅडमही तेच म्हणाल्या, वर पाठवलं आहे. वर म्हणजे कुठे. त्यांचा दोष नाही, त्या स्वतःच म्हणाल्या, "नदीपलीकडे माझा काय हात पोहोचणार, ताई."
निखिलचा फोन बंद.

७ मार्च
रामदासकाका डबा घ्यायला आले, सोबत त्यांचे जावई. पेढे आणलेले. "वहिनी, निखिलच्या कंपनीत याचंही जमवून द्या. मेसेज आला आहे याले, त्याच कंपनीचा. फक्त निखिलनं एक शब्द टाकला तर."
मी आईकडे पाहिलं. गल्लीत कोणालाच सांगितलं नव्हतं आम्ही. ओट्यावर आणखी चार-पाच ड्रायव्हर जेवत होते.
आई म्हणाली, "ते कंपनी खोटी आहे, भाऊ. माह्या पोराले कोंडून ठेवलं तिथं."
सगळ्यांचे हात थांबले.
"लोकायले फसवाचं काम करून घेतात त्याच्याकडून. मारतात. याले पाठवू नका."
मारतात हे मी तिला सांगितलं नव्हतं.
काकांचा चेहरा पडला. जावई मात्र म्हणाला, "मले तर साइट दाखवली त्यांनी, लेटर पाठवलं, शिक्का आहे त्याच्यावर." मी त्याच्याच मोबाईलवर दाखवलं सगळं, अक्षराचा फरक, टाइल्सवाल्याचा फोटो. पाहत होता, पण ऐकत नव्हता. निखिलचं तोंड आठवलं, पोलीस होऊन राहिली काय म्हणतानाचं.
उठताना म्हणाला, "निखिलचा नंबर द्यायचा नसन तर नका देऊ. असं काहून बोलता पोराबद्दल."
पेढे तिथेच राहिले. आईने कोणाला दिले नाहीत, टाकलेही नाहीत.

१० मार्च
काका आज एकटेच आले. जावयाने कंपनीने पाठवलेलं तिकीट घेतलं. "मी लय सांगितलं, बेटा." पोलीस मॅडमना फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, त्याला घेऊन या माझ्याकडे. तो येत नाही.

१५ मार्च
दुपारी आईच्या फोनवर निखिल. मी घरीच होते, स्पीकर लावला.
"आई, सोडून राहिले मले. पैसे भरले की सोडतात. लिंक पाठवली आहे, त्याच्यावर भर. लवकर. आज-उद्याच."
आई उभीच राहिली. मी फोन घेतला. मॅडमनी सांगून ठेवलं होतं, आजकाल आवाजही बनवतात, थोडं रेकॉर्डिंग असलं तरी पुरतं. आणि याचं तर तिथे रोजचं बोलणं रेकॉर्ड होतं. म्हणून विचारलं, बाबा तुला काय म्हणायचे?
"पोस्टमन." आणि रडायला लागला. बरोबर आहे. लहानपणी सगळ्यांच्या चिठ्ठ्या पोचवायचा.
म्हणजे तो आहे. जिवंत आहे. एक क्षण बरं वाटलं.
मग लिंक उघडून पाहिली. सुटकेचं, दंड भरण्याचं सरकारी पान वाटावं असं. वर बोधचिन्ह, खाली नियम. पण पत्ता सरकारी नाही. मराठी अगदी चांगलं. वाचता वाचता वाटलं, हे त्यानेच लिहिलं असेल. त्यालाच लिहायला लावलं असेल, आपल्या आईसाठी.
आईला समजावलं. लिंक खोटी आहे, आई. पैसे घेतात आणि सोडत नाहीत. परत मागतात.
ती म्हणाली, "लिंक खोटी असन. पोट्टा तर खरा आहे ना?"

१६ मार्च
पोलीस मॅडम: भरू नका. भरल्यावर सुटलेला मी एकही पाहिला नाही. मग म्हणाल्या, न भरता सुटलेलेही थोडेच पाहिले. खोटं बोलल्या नाहीत, याचा राग आला मला.
त्या नंबरवर परत फोन लावला. बंद.
शबाना येऊन गेली. आईजवळ बसली नुसती.

१७ मार्च
आईने आज चूल पेटवली नाही. ड्रायव्हर येऊन ओट्यावर थांबले, मग मीच कसंतरी वरण-भात केला. रामदासकाकांनी ताटं वाढली. त्यांचा जावई काल गेला.
आई आत बसली आहे. कानातलं, गळ्यातलं काढून रुमालात ठेवलं आहे. सोनाराकडे जाऊन आली बहुतेक, मला सांगितलं नाही. मघाशी म्हणाली, "यात कुठं दाबायचं, तेवढं सांग. बाकी मी पाहीन."
मी म्हटलं, आई, थांब. कशासाठी थांब, ते मला सांगता येईना.
मेसेज आला. निखिलचा, नाहीतर त्यांचा. "आई, भरले का?"
मोबाईल माझ्याजवळ आहे. आई थोड्या थोड्या वेळाने हात पुढे करते.